उन्हाची दारं धरणारा

मंडळी, मी कविता लिहितो, आणि बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. विजेवर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की या विषयात मी एकदा चांगलाच आपटलो आहे आणि त्या आपटण्याची किंमत माझ्या थोरल्या भावानं मोजली आहे. म्हणून आज मी एका लहानशा डबीविषयी बोलणार आहे. सोलर पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसणारी, तळहातावर मावणारी ही डबी. तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. शेतातल्या आखाड्यावर, वस्तीवर, जिथं विजेचा खांब पोचलेला नाही किंवा पोचूनही उपयोग नाही, अशा ठिकाणी दोन-तीन दिवे आणि एक पंखा चालवायचा असेल, तर ही डबी कोणती घ्यावी? पैसे कुठं वाचवावेत आणि कुठं वाचवू नयेत? एवढाच आजचा विषय.

आमचं शेत तेरणेच्या खोऱ्यात आहे. भाईजान आणि भाभी बारा महिने आखाड्यावरच राहतात. शेतीपंपाची लाइन जवळून जाते, पण तिचा भरवसा काय तो शेतकऱ्यांना सांगायला नको. कधी दिवसा, कधी रात्री, तेही मोजके तास. आणि डीपी जळली की मग सगळाच अंधार. २०२० च्या दिवाळीत मी मनावर घेतलं. १०० वॉटचं एक पॅनेल, ४० अँपिअर-तासांची पाण्याची बॅटरी, तीन एलईडी दिवे आणि १२ व्होल्टवर चालणारा एक पंखा घेतला. पॅनेल आणि बॅटरी चांगल्यातली घेतली. शेवटी दुकानदारानं विचारलं, “कंट्रोलर कोणता देऊ?” एक साडेसातशेचा होता, एक चारशेचा. चारशेच्या डबीला निळा पडदा होता, त्यावर आकडे उमटत होते आणि मोबाइल चार्ज करायला दोन खाचा होत्या. साडेसातशेची डबी दिसायला साधी, काळी. मी साडेतीनशे रुपये वाचवले आणि त्याची मिठाई घेऊन आखाड्यावर गेलो.

पहिले काही महिने मजेत गेले. रमजानात सहरीच्या वेळी भाभींना चूल पेटवायला उजेड झाला, याचं सगळ्यांना कौतुक होतं. उन्हाळ्यात बॅटरी पाणी फार प्यायला लागली. आम्ही म्हटलं, ऊनच तसं आहे. पावसाळा लागला तसे दिवे लवकर मिणमिणू लागले. आम्ही म्हटलं, आभाळच तसं आहे. मग २०२१ च्या जुलैतली एक रात्र. गाय व्यायला झाली होती. दोनच्या सुमारास भाईजान उठले, तर ओसरीतला रात्रभर जळणारा दिवा आधीच विझलेला. एका डोळ्यात मोतीबिंदू, बाहेर चिखल. ओट्यावरून पाय घसरला आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. ऐन सोयाबीनच्या खुरपणीत सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये. मी भेटायला गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “दिवा गेला तर गेला, कालवड चांगली झाली बघ.” मला मात्र त्यांच्या हाताकडं बघवेना.

मी बॅटरी आणि ती निळी डबी घेऊन तालुक्याच्या एका बॅटरीवाल्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं बॅटरीची झाकणं उघडली. आतल्या प्लेटा पाण्याच्या वर उघड्या पडलेल्या. मग त्यानं दुसरी बॅटरी लावून माझी डबी भर दुपारच्या उन्हात जोडली आणि मल्टिमीटर लावला. आकडा १४ च्या पुढं गेला, १५ च्याही पुढं गेला आणि १५.६ वर जाऊन थांबला. मिस्त्री म्हणाला, “चाचा, ही बॅटरी आपल्या मरणानं मेली नाही. हिला दिवसा पाजून पाजून मारलं आणि रात्री उपाशी ठेवून मारलं.” साडेतीनशे रुपये वाचवायला गेलो आणि साडेसहा हजारांची बॅटरी आठ-नऊ महिन्यांत भंगारात घातली. मनगटाचा हिशेब वेगळाच.

त्याच्या बोलण्याचा अर्थ लागायचा तर ही डबी करते काय, ते आधी समजून घेऊ. तुमच्यापैकी ज्यांनी रात्री दारं धरली आहेत, त्यांना हे चटकन कळेल. विहिरीचं पाणी पाटानं येतं. दारं धरणारा माणूस एक वाफा भरला की त्याचं दार बुजवतो आणि दुसरं उघडतो. तो झोपला, तर वाफा फुटतो आणि पीक सडतं. पॅनेल म्हणजे पाट, बॅटरी म्हणजे वाफा आणि कंट्रोलर म्हणजे दारं धरणारा माणूस. त्याची कामं तीन. बॅटरी भरत आली की येणारी वीज आवरायची, हे पहिलं. रात्री बॅटरीतली वीज उलटी पॅनेलमध्ये जाऊ द्यायची नाही, हे दुसरं. आणि बॅटरी रिकामी होत आली की दिवे-पंखा बंद करून तिचा जीव वाचवायचा, हे तिसरं. माझ्या डबीला पहिलं आणि तिसरं, दोन्ही येत नव्हती.

आता थोडे आकडे. ते एकदा कानावरून गेले, की दुकानात कोणी फसवू शकत नाही. ज्या पॅनेलला आपण १२ व्होल्टचं म्हणतो, त्यात ३६ चकत्या असतात. उन्हात ते प्रत्यक्षात १७-१८ व्होल्टला काम करतं आणि काहीच जोडलेलं नसताना २१-२२ व्होल्ट दाखवतं. बॅटरीचं मात्र तसं नाही. पाण्याची, म्हणजे शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी साधारण १४.४ व्होल्टपर्यंत भरावी आणि नंतर १३.६ ते १३.८ वर नुसती राखावी. त्याहून वर रेटत राहिलं, की आतलं पाणी फुटतं, त्याचा वायू होऊन उडून जातो आणि प्लेटा उघड्या पडतात. खालची बाजू अशी: बॅटरी तासभर शांत राहू दिली आणि मल्टिमीटरनं १२.७ दाखवलं, तर ती भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली म्हणजे तळ दिसायला लागला. शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरू दिली, तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

इथं स्वस्त डब्यांची एक खोड सांगतो. पुष्कळ डब्या दिवे बंद करायचा आकडा १०.७ व्होल्ट ठेवून येतात. मोठा भार असेल तर तो आकडा एक वेळ ठीक. पण आपले भार असतात दोन दिव्यांचे. एवढ्या हलक्या भारावर बॅटरी १०.७ ला येते, तेव्हा तिच्यात काहीच उरलेलं नसतं. म्हणून हा आकडा आपल्याला बदलता येतो का, ते विकत घेण्याआधी विचारा. मी तो ११.६ ठेवला आहे. दिवे थोडे आधी जातात, पण बॅटरी जगते. आणि दिवे आधी जाऊ नयेत म्हणून काय करायचं, तर हिशेब आधी करायचा.

तो हिशेब सोपा आहे. आमच्याकडं ७ वॉटचे दोन दिवे चार तास, म्हणजे ५६. ओसरीतला ५ वॉटचा दिवा दहा तास, ५०. दोन मोबाइल, २०. १५ वॉटचा पंखा आठ तास, १२०. एकूण झाले २४६ वॉट-तास, म्हणजे एका युनिटचा चौथा हिस्सा. १०० वॉटचं पॅनेल साध्या कंट्रोलरमधून बॅटरीत साधारण ७० वॉट टाकतं. चांगल्या उन्हाचे पाच तास धरले तर ३५०, आणि बॅटरीतली घट वजा जाता २८० हाती लागतात. म्हणजे जमतं, पण काठावर. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४८० वॉट-तास मावतात, पण वापरायचे निम्मेच. म्हणून पावसाळ्यात आभाळ भरलं की आम्ही पंखा बंद ठेवतो आणि ओसरीतला दिवा चालू ठेवतो. हा नियम आता भाभींनीच घालून दिला आहे.

आता खरा प्रश्न. बाजारात दोन जाती मिळतात. एक पीडब्ल्यूएम, दुसरी एमपीपीटी. पहिली काही शे रुपयांत येते, दुसरी खरी असेल तर काही हजारांत. दुकानदार म्हणतो, दुसरी घ्या, तीस टक्के जास्त मिळेल. खरं किती?

पीडब्ल्यूएम ही साधी जात. ती दर सेकंदाला अनेक वेळा दार उघडते आणि बंद करते. बॅटरी रिकामी असताना दार पूर्ण उघडं, भरत आली की उघडं राहण्याचा वेळ कमी कमी. पण ती पॅनेलला बॅटरीच्याच पातळीवर खेचून आणते. पॅनेल १८ व्होल्टला द्यायला तयार असतं, बॅटरी १३ ला घेते आणि मधले पाच वाया जातात. अठरा रुपये देऊन तेराचा माल घ्यावा आणि मोड परत मिळू नये, तसं. एमपीपीटी ही मोड परत देणारी जात. ती जादा व्होल्ट कमी करून त्या बदल्यात जास्त अँपिअर देते. कागदावर बघितलं तर १०० वॉटच्या पॅनेलमधून पहिली साडेपाच अँपिअर देते आणि दुसरी सात-सव्वासात. म्हणजे खरंच तीस टक्के.

पण हा कागद २५ अंश तापमानाचा आहे, आणि आपल्याकडं २५ अंशांवर पॅनेल असतं कधी? मराठवाड्यातल्या उन्हात पॅनेलची काच ६० अंशांपर्यंत तापते. पॅनेल तापलं की त्याचे व्होल्ट घसरतात. १८ चे १६ च्याही खाली येतात. मग परत द्यायला मोडच फारशी उरत नाही. हिशेब केला तर दोन्हींमधला फरक दहा टक्क्यांच्या आसपास येतो. दहा टक्क्यांसाठी काही हजार रुपये? तेवढ्या पैशात आणखी एक लहान पॅनेल येतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ३६ चकत्यांचं पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी आणि शंभर-दोनशे वॉटचा संसार असेल, तर चांगलं पीडब्ल्यूएम घ्या आणि निश्चिंत राहा.

याला एक मोठा अपवाद आहे आणि त्यात हल्ली पुष्कळ लोक सापडतात. घरांच्या गच्चीवरची मोठी पॅनेल आता स्वस्तात मिळतात, जुनी तर आणखी स्वस्त. २५० वॉटचं मोठं पॅनेल ३० व्होल्टला काम करतं. त्याला पीडब्ल्यूएम लावून १२ व्होल्टची बॅटरी जोडली, तर २५० पैकी १०० ते ११० वॉटच हाती येतात, निम्म्याहून जास्त वाया. अशा पॅनेलला एमपीपीटीच हवी. शिवाय डबी किती व्होल्ट सोसते, तेही बघायला हवं. पाचशे वॉटच्या पुढच्या नव्या पॅनेलचे मोकळे व्होल्ट ५० च्या आसपास जातात आणि थंडीतल्या सकाळी आणखी चढतात. पुष्कळ लहान डब्यांची मर्यादा २५ किंवा ५० व्होल्टच असते. तिथं डबी पहिल्याच सकाळी जळते.

आणि एमपीपीटी घेणारच असाल, तर ती खरी आहे का ते बघा. बाजारात साध्या डबीवर एमपीपीटी छापून विकतात. खऱ्या डबीत तांब्याचं वेटोळं असतं, मागं ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, म्हणून ती हाताला जड लागते. तीन-चारशे रुपयांत आणि कागदासारख्या वजनाची मिळाली, तर ती खरी नव्हे. पक्की परीक्षा मल्टिमीटरची. बॅटरी अर्धवट रिकामी असताना, कडक उन्हात, डबीच्या पॅनेलकडच्या स्क्रूंवर व्होल्ट मोजा. तिथं बॅटरीइतकेच, म्हणजे १३ च्या आसपास आले, तर छापलेलं काहीही असो, ती पीडब्ल्यूएम. १५-१७ आले आणि बॅटरीवर १३ असतील, तर ती खरी एमपीपीटी. अडीच-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर असे पुष्कळ पैसे वाचवतो.

डबी किती अँपिअरची घ्यावी? पॅनेलच्या मागच्या चिठ्ठीवर शॉर्ट सर्किटचा करंट लिहिलेला असतो. १०० वॉटला तो साधारण ६ अँपिअर. त्यात पाव मिळवा, झाले साडेसात. म्हणजे १० अँपिअरची डबी पुरते. अशी दोन पॅनेल समांतर जोडली तर पंधरा होतात, तिथं २० ची घ्या. फक्त छापील आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. डबीवर ३० अँपिअर लिहिलेलं असतं आणि तिच्या स्क्रूमध्ये ४ चौरस मिलिमीटरची वायरसुद्धा शिरत नाही. ज्या दारातून पाणी जायचं, ते दारच अरुंद असेल तर पाटाची लांबी-रुंदी सांगून काय उपयोग?

आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, बॅटरीची जात निवडायची सोय. पाण्याची बॅटरी, सीलबंद, जेल आणि लिथियम, प्रत्येकीचं भरण्याचं माप वेगळं असतं. लिथियम घेतली असेल, तर डबीच्या माहितीपत्रकात तिचं नाव स्पष्ट लिहिलेलं हवं. अंदाजानं जोडू नका. दुसरी गोष्ट उष्णतेची. शिसे-आम्लाची बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टवर भरावं लागतं. ४० अंशांत १४.४ ऐवजी १४ च्या आसपास पुरे. चांगल्या डब्या तापमान बघून हा आकडा आपोआप उतरवतात. पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, हा एक गुण बॅटरीचं पाणी वाचवतो. मोबाइलच्या खाचा, रंगीत पडदे, मोबाइलवर आकडे पाठवायची सोय, हे सगळं नसलं तरी चालतं. पैसे वाचवायचे ते इथं.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे. काढताना बरोबर उलटं. कारण डबी आधी बॅटरी बघते आणि ती १२ व्होल्टची की २४ ची हे ठरवते. बॅटरीशिवाय पॅनेल जोडलं तर डबी बिघडू शकते. डबी आणि बॅटरी यांच्यातली वायर आखूड आणि जाड ठेवा, म्हणजे डबीला बॅटरीचे खरे व्होल्ट कळतील. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. पॅनेल दहा मीटर लांब असेल, तर दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत सव्वा व्होल्ट गळतात, चारच्या वायरीत अर्धाच. पाण्याच्या बॅटरीच्या डोक्यावर डबी टांगू नका; आम्लाच्या वाफेनं ती गंजते, आणि भरताना निघणारा वायू पेट घेणारा असतो. इन्व्हर्टर असेल तर तो डबीच्या दिव्यांच्या खाचेला जोडू नका. सुरू होताना तो जो झटका ओढतो, त्यानं डबी जाते. तो फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडावा.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मी नवी बॅटरी घेतली आणि तीच साधी काळी डबी घेतली, जी पहिल्यांदा नाकारली होती. पक्कं बिल घेतलं, वॉरंटीवर शिक्का घेतला. त्या दिवशी दुपारी बारा वाजता मी स्वतः मल्टिमीटर धरून बसलो. आकडा १४.३ वर आला, थोडा वेळ थांबला आणि मग सावकाश खाली उतरला. शेजारी गळ्यात हात बांधून भाईजान बसले होते. म्हणाले, “हा जागा आहे म्हणायचा.”

ती बॅटरी अजून चालते. तिचं पाणी भाभी महिन्याला बघतात. भाईजानचं मनगट मात्र थंडीत दुखतं, ते आता तसंच राहणार. आम्ही दोघं भाऊ पूर्वी फोनवर फारसं बोलायचो नाही. पाऊस किती झाला, एवढंच. आता मी त्यांना एक मल्टिमीटर दिला आहे. अंधार पडून तासभर झाला, की दिवे लावण्याआधी ते बॅटरी मोजतात आणि मला फोन करतात. “बारा सात,” म्हणतात. मी म्हणतो, “ठीक आहे, ओसरीतला दिवा रात्रभर राहू द्या.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)